पोट भरलं हे नाक सांगतं: वजनाच्या ऑपरेशननंतर या चुका टाळा

वजन कमी करण्यासाठी जठर लहान करायचं माझं स्लीव्हचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. खानापूर तालुक्यात पाहुण्यांच्या गावची यात्रा. पंगतीत मावशी म्हणाली, "एवढंच? अजून एक घास घे की!" तो घास घेतला आणि छातीच्या मधोमध दगड बसल्यासारखं झालं. तोंडाला फेसाळ लाळ सुटली, पुढचा अर्धा तास न्हाणीत गेला. मटणाचा काही दोष नव्हता. पोट भरल्याची जुनी खूण मी नव्या पोटात शोधत बसले होते.

या ऑपरेशनात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात. उरते ती केळ्याएवढी नळी. पूर्वी तडस लागली की हात थांबायचा. आता तडस लागेपर्यंत वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. नवी खूण बारीक असते. कुणाला एकच उचकी येते, कुणाला शिंक, कुणाचा मोठा श्वास सुटतो. माझं नाक गळतं. नाक ओलं झालं की वाटी बाजूला. आपली खूण कोणती, हे पहिल्या काही महिन्यांत पाळत ठेवून ओळखा. आणि वाढून घेतानाच कमी घ्या, ताटाऐवजी वाटीत. "अन्न टाकू नये" म्हणून शेवटचा घास तोंडात कोंबायची सवय आपल्याला फार महागात पडते.

उलट चूकही होते. भुकेचं हार्मोन तयार करणारा मोठा भाग निघून गेल्याने सुरुवातीला भूकच लागत नाही. मग सकाळचं राहतं, दुपारचं राहतं आणि रात्री घाईने बकाबका. घड्याळ लावून खा, एका जेवणाला वीस-तीस मिनिटं द्या.

ताटाशेजारचा तांब्या मात्र जेवताना दूर ठेवा. जेवताना पाणी प्यायलात तर जागा पाण्यानेच भरते. जेवणानंतर अर्धा तास थांबा आणि बाकी दिवसभर घोट घोट पीत राहा. सोडा, कोल्ड्रिंक नकोच.

आता चिरमुरे. बेळगावात संध्याकाळ आणि चिरमुरे वेगळे करता येत नाहीत, मलाही जमलं नव्हतं. पण चिरमुरे, फरसाण तोंडात विरघळतात, नळीत थांबत नाहीत, पोट भरल्याची खूण देतच नाहीत. मूठ मूठ करत दिवस जातो आणि वजनाचा काटा अडतो. "मी तर काहीच खात नाही," असं म्हणणाऱ्यांनी आधी डबा तपासावा.

कुंद्याचं, म्हणजे बेळगावच्या त्या खव्याच्या मिठाईचं, वेगळं. साखर झपकन आतड्यात उतरली की अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात कळा, जुलाब. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर कमी होऊन थरथर सुटते. यालाच डम्पिंग म्हणतात. बायपासवाल्यांना (हृदयाचा नव्हे, वजनासाठी केलेला जठराचा बायपास) जास्त, पण स्लीव्हवाले सुटलेत असं नाही. गोकाकचं करदंट सुकामेव्याचं म्हणून पौष्टिक वाटतं, पण त्यात गूळ असतो हे विसरू नका.

आधी प्रथिनं, मग भाजी, भाकरी शेवटी. दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनं लागतात: अंडं, मासे, पनीर, घट्ट दही, मुगाची आमटी. सुकं चिकन आणि मऊ ताजी चपाती बऱ्याच जणांना अडकते. मला जोंधळ्याची भाकरी नीट चावून बरी पडली, पण ती तिसऱ्या महिन्यानंतर.

एखादी उलटी झाली तर एक दिवस पातळ पदार्थांवर या. उलट्या थांबतच नसतील, पाणीही टिकत नसेल तर घरगुती काढे करत बसू नका. बी-१ जीवनसत्त्व कमी पडून मेंदूला आणि नसांना इजा होऊ शकते. पहिल्या काही आठवड्यांत ताप, धडधड आणि पोटदुखी असेल तर त्याच रात्री सर्जनला फोन करा.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाची गोळी चहासोबत नको. गावातले डॉक्टर अंगदुखीला सहज पेनकिलर देतात. त्यातल्या काहींनी, विशेषतः बायपासनंतर, जठरात व्रण होऊ शकतात. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि गोळी घेण्याआधी दाखवा.