केबी २५३२४४५: अ‍ॅपलॉकर शिकताना मला सापडलेली वाट

सिस्टीम सिक्युरिटीत यायचं ठरवलं की बहुतेक जण आधी टूल्सची यादी मागतात. मी त्यांना मायक्रोसॉफ्टचा एक जुना पॅच, म्हणजे दुरुस्ती, वाचायला सांगते: केबी २५३२४४५, २०११ सालचा, विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२साठी आलेला. विंडोजमधल्या अ‍ॅपलॉकर या संरक्षणातली एक पळवाट त्याने बुजवली. माझा खरा अभ्यास तिथून सुरू झाला.

अ‍ॅपलॉकरचं काम सांगायला सोपं आहे. कोणता प्रोग्रॅम चालेल हे अ‍ॅडमिन ठरवतो. फाइलच्या पाथवरून, प्रकाशकाच्या डिजिटल सहीवरून किंवा हॅशवरून, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ठशावरून. मग पॅचच्या आधी परवानगी नसलेली डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रॅमने आत घ्यायची कोडची फाइल) ऑफिसच्या एखाद्या मॅक्रोतून, म्हणजे डॉक्युमेंटमधल्या छोट्या प्रोग्रॅममधून, कशी चालायची? डीएलएल आत घेणाऱ्या लोडलायब्ररीईएक्स या विंडोजच्या फंक्शनला 'लोड इग्नोर कोड ऑथ्झ लेव्हल' नावाचा फ्लॅग, म्हणजे जादा सूचना, देता येतो. तो दिला की विंडोज त्या डीएलएलपुरते नियम बघतच नसे. आणि हा फ्लॅग लपवलेला नव्हता! सेटअप प्रोग्रॅमना इन्स्टॉल करताना स्वतःच उलगडलेल्या डीएलएल चालवाव्या लागतात, म्हणून तो मुद्दाम दिलेला होता, मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटेशनमध्ये छापलेला होता. प्रोसेसचं टोकन, म्हणजे तिच्या अधिकारांचं ओळखपत्र, बनवताना द्यायचा 'सँडबॉक्स इनर्ट' हा त्याचाच भाऊ.

हे वाचल्यावर मी एका प्रश्नापाशी बराच वेळ अडले. 'माझी तपासणी नको' असं म्हणायचा हक्क कोणाला? पॅचच्या आधी, जो म्हणेल त्याला. पॅचनंतर फक्त लोकलसिस्टीम किंवा ट्रस्टेडइन्स्टॉलर या विंडोजच्या स्वतःच्या ओळखींनी चालणाऱ्याला. बाकी कोणी फ्लॅग दिला तर विंडोज त्याकडे लक्ष देत नाही. तेव्हापासून कुठलंही संरक्षण समोर आलं की मी आधी त्यातली सूट शोधते आणि ती कोणाच्या पदरात पडते ते बघते.

वाचून पोट भरत नाही, हात चालवायला हवेत. विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची चाचणी आवृत्ती व्हर्च्युअल मशीनमध्ये टाका आणि अ‍ॅपलॉकरचे डीफॉल्ट नियम लावा. अ‍ॅप्लिकेशन आयडेंटिटी ही विंडोजची पार्श्वभूमीत चालणारी सर्व्हिस चालू आहे ना ते पाहा. ती बंद असेल तर नियम लागूच होत नाहीत, आणि माझी एक अख्खी संध्याकाळ त्यातच गेली होती. मी एक छोटी एक्झी लिहिली होती, नुसती एक खिडकी उघडणारी. साध्या युजरने ती डाउनलोड्समधून उघडली तर अडवली गेली, इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत ८००४ क्रमांकाची, म्हणजे 'अडवलं' अशी, नोंद पडली. तीच फाइल विंडोज फोल्डरमधल्या टास्क्समध्ये कॉपी केली आणि खिडकी उघडली. कारण डीफॉल्ट नियम अख्ख्या विंडोज फोल्डरला मोकळीक देतात, आणि टास्क्ससारख्या त्यातल्या काही फोल्डरांत साध्या युजरलाही लिहिता येतं. पुन्हा तीच सूट, पुन्हा तोच प्रश्न.

याच धाग्याने पुढे जा. २०१६ मध्ये सुरक्षा संशोधक केसी स्मिथ यांनी रेगएसव्हीआर३२ हा विंडोजचाच सही असलेला प्रोग्रॅम दूरवरची स्क्रिप्ट आणून चालवू शकतो हे दाखवलं. एमएसबिल्ड, इन्स्टॉलयुटिल या मायक्रोसॉफ्टच्याच प्रोग्रॅमचीही गोष्ट तीच: विश्वास त्यांच्यावर, पण कोड दुसऱ्याचा चालतो. अशा प्रोग्रॅमची नोंद ठेवणारा लोलबास प्रकल्प आहे, पण तो पाठ करू नका. रोज एक प्रोग्रॅम घ्या, त्याला कशासाठी विश्वास मिळालाय ते स्वतःच्या शब्दांत लिहा. हे सगळं स्वतःच्या मशीनवर किंवा लेखी परवानगी असेल तिथेच. यात मला तडजोड मान्य नाही.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅपलॉकरला संरक्षणाचा एक जादा थर मानते, सुरक्षेची पक्की सीमा मानत नाही. त्यामुळे तुम्हाला सापडलेला बायपास, म्हणजे नियम चुकवायची वाट, कळवलात तरी त्यावर पॅच येईलच असं नाही. मन खट्टू होतं, मलाही वाईट वाटलं होतं. विंडोज १०पासून आलेलं अ‍ॅप्लिकेशन कंट्रोल, ज्याला आता अ‍ॅप कंट्रोल फॉर बिझनेस म्हणतात, ते या दृष्टीने अधिक भक्कम आहे. पुढचा अभ्यास त्याचा करा.

मुलाखतीत मला कोणते बायपास येतात हे विचारलं गेलं, पण चर्चा रंगली ती ते बंद कसे करायचे यावर. मी टास्क्स फोल्डरचं उदाहरण घेतलं: आधी फक्त ऑडिट मोड, म्हणजे न अडवता नुसती नोंद, आठवडाभर ८००३च्या ('नियम लागू असता तर अडवलं असतं' अशा) नोंदी वाचायच्या, कोणाचं रोजचं काम अडेल ते त्या लोकांनाच विचारायचं, आणि मग विंडोज फोल्डरला मोकळीक देणाऱ्या नियमात टास्क्स वगळणारा अपवाद टाकायचा. समोरच्या बाईंनी वही पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "तो अपवाद इथे लिहून दाखवा."