शेजाऱ्यांचे कुत्रे किंवा मांजर सांभाळायला घेण्यापूर्वीची तयारी

उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत सोलापुरातील अनेक कुटुंबे आठ-दहा दिवसांसाठी गावी, पुण्याला किंवा तिरुपतीला जातात आणि घरातल्या कुत्र्या-मांजराकडे कोणी बघायचे, हा प्रश्न शेजाऱ्यांपुढे येतो. अशा वेळी आपण होकार दिला, की जबाबदारी त्याच दिवसापासून सुरू झाली असे समजावे. मालक गेल्यानंतर आपण किती धावपळ करतो, यापेक्षा मालक घरात असताना आपण काय पाहिले, काय विचारले आणि काय लिहून घेतले, यावर त्या प्राण्याचे हाल होणार की तो सुखात राहणार हे ठरते, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत आधी प्राणी कोठे राहणार हे ठरवावे. मांजराचा जीव जागेत गुंतलेला असतो. अनोळखी घरात नेल्यास ते कपाटामागे दडून बसते, खाणे सोडते आणि दार उघडे दिसताच निसटते, म्हणून त्याला त्याच्याच घरी ठेवून आपण सकाळ-संध्याकाळ जाऊन येणे चांगले. कुत्र्याचे तसे नाही. त्याला रात्रभर रिकाम्या घरात ठेवू नये. एक तर आपल्यापैकी कोणीतरी तिकडे मुक्कामाला जावे, नाहीतर त्याला आपल्याकडे आणावे, आणि आणायचे असेल तर मालक शहरात असतानाच एक रात्र ठेवून पाहावे. ती रात्र जड गेली, तर दुसरी सोय करायला मालकाच्या हाताशी वेळ उरतो. आपल्याकडे आधीच कुत्रे असेल, तर दोघांचीही लसीकरणाची पुस्तिका तपासावी आणि रेबीज, तसेच डिस्टेंपर व पार्वो (कुत्र्यांचे जीवघेणे संसर्गजन्य आजार) यांच्यावरील लसी मुदतीत असल्याची खात्री करावी. पार्वोचा विषाणू जमिनीवर व भांड्यांवर महिनोन्‌महिने टिकतो आणि चपलांबरोबरही घरात येतो, त्यामुळे आपल्या घरात लसी पूर्ण न झालेले पिल्लू असेल, तर पाहुण्या कुत्र्याला घरी आणू नये.

मालक निघण्याच्या आदल्या आठवड्यात किमान दोनदा त्यांच्या घरी जावे. एकदा आपल्या हाताने खायला घालावे आणि एकदा आपण एकट्याने कुत्र्याला फिरवून आणावे. या भेटींत जे कळते, ते मालकाला आठवून सांगता येईलच असे नाही. जुळे सोलापुरातील आमच्या ओळखीच्या एका काकूंची कुत्री बाहेर पडताना शेवटच्या पायरीवर थांबून घराकडे वळून पाहते. त्या क्षणी पट्टा ओढला, तर ती तिथेच बसकण मारते. पट्टा सैल सोडून "चल बाई" म्हटले, की निमूटपणे चालू लागते. काकूंनी मला पहिल्याच भेटीत बजावले होते, "अगं, ही तुला बघून शेपूट हलवील, पण ताटलीत तोंड असताना जवळ जाऊ नकोस, गुरगुरते." घरात लहान मुले असतील, तर असे एक वाक्य आधी कानावर पडणे फार मोलाचे असते. आपल्या शहरात आणखी एक गोष्ट विचारावी लागते, ती म्हणजे घरात प्राण्याशी कोणत्या भाषेत बोलतात. पूर्व भागातल्या तेलुगूभाषक घरात वाढलेले कुत्रे "रा" म्हटल्यावर धावत येते आणि कन्नडभाषक घरातले "बा" म्हटल्यावर. आपण कितीही प्रेमाने "इकडे ये" म्हटले, तरी ते ढिम्म बसून राहील.

खाण्याच्या बाबतीत आपले मत बाजूला ठेवावे. जे खाणे रोज मिळते, तेच त्याच वेळी, त्याच भांड्यात द्यावे, आणि प्रमाण "थोडेसे" असे न लिहिता कोणत्या वाटीने किती वाट्या, असे लिहून घ्यावे. अचानक बदललेल्या खाण्याने जुलाब होतात आणि मग आजार कशाचा हेच समजत नाही. मुक्कामाच्या दिवसांपेक्षा दोन-तीन दिवसांचे खाणे जास्त भरून ठेवायला सांगावे. आपल्या जेवणातले देण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. शेंगा चटणीत लसूण असतो आणि भजीत कांदा. हे दोन्ही कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशींना अपाय करतात. द्राक्षे आणि बेदाणे आपल्या जिल्ह्यात घरोघरी असतात, पण त्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड घटक) घातलेले साखरविरहित गोड पदार्थही त्याच्यापासून दूर ठेवावेत. घरी येणाऱ्या पाहुण्यांना आणि मुलांनाही हे सांगून ठेवावे, कारण असे काही भरवले जाते ते बहुतेक वेळा लाडापोटी.

उन्हाळ्याची तयारी सोलापुरात वेगळी आणि नेटाने करावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत येथील तापमान सर्रास ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि काही दिवस ते ४३ अंशही ओलांडते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून तोंडावाटे उष्णता बाहेर टाकणे हाच त्याचा मुख्य उपाय असतो, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तोही नीट जमत नाही. म्हणून फिरायला सकाळी सातच्या आत आणि रात्री उशिरा न्यावे. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सहन होत नसेल, तर त्याचे तळवेही भाजणार हे नक्की. दुपारी त्याला गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत थोडा वेळही ठेवू नये. कूलर लावायचा असेल, तर खिडकी किती उघडी ठेवायची, हे मालकाकडून विचारून घ्यावे आणि त्या खिडकीला जाळी आहे का, हे आपण स्वतः पाहावे. धापा थांबत नसतील, लाळ गळत असेल, हिरड्या लालभडक झाल्या असतील किंवा चाल अडखळत असेल, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी त्याला सावलीत घेऊन अंगावर साधे पाणी ओतावे, पंखा लावावा आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे. बर्फाचे पाणी ओतू नये.

पाण्याचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येते, त्यामुळे त्यांच्या भागात पाण्याचा दिवस व वेळ कोणती, मोटर कोठे आहे आणि टाकीचा कॉक कसा फिरवायचा, हे प्रत्यक्ष करून पाहावे. प्राण्याच्या पिण्यासाठी एक भरलेला हंडा वेगळा ठेवावा आणि घरात दोन-तीन ठिकाणी पसरट, जड भांडी मांडावीत, म्हणजे एक लवंडले तरी तो तहानलेला राहत नाही.

आता आजारपणाविषयी. निघण्यापूर्वी मालकाने आपल्या पशुवैद्यकांना फोन करून, आपल्या अनुपस्थितीत प्राण्याला कोण आणणार, हे सांगून ठेवावे. त्यांचा पत्ता, वेळ आणि रविवारी किंवा रात्री कोणाकडे जायचे, हे कागदावर असावे. त्याच कागदावर, फोन लागला नाही तर उपचाराचा निर्णय आपण घ्यावा आणि अमुक रकमेपर्यंत खर्च करावा, असे मालकाच्या सहीने लिहून घ्यावे व काही रोख रक्कम आगाऊ मागावी. शेजारधर्मात पैशांचे बोलणे संकोचाचे वाटते, पण रात्री दहा वाजता सलाइन लावायचे की नाही, असा प्रश्न समोर आल्यावर हा कागदच आपल्याला मोकळेपणाने वागू देतो. रोजच्या गोळ्या असतील, तर मालकासमोर एकदा आपण स्वतः देऊन पाहाव्यात. माणसांची औषधे आपल्या मनाने कधीही देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतते. कुत्र्यांच्या गोचिडांवर लावायच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते, आणि तेही मांजराला घातक ठरते.

मांजर दुखणे लपवते, म्हणून त्याच्याकडे विशेष लक्ष द्यावे. पूर्ण एक दिवस त्याने काहीच खाल्ले नाही, तर डॉक्टरांना कळवावे. उपाशी राहण्याने, विशेषतः लठ्ठ मांजरात, यकृताचा गंभीर विकार होतो. बोका शी-शूसाठी ठेवलेल्या मातीच्या ट्रेमध्ये वारंवार बसतो, कुंथतो आणि लघवी होत नाही, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नये. मूत्रमार्ग अडल्यास एक-दोन दिवसांत तो दगावू शकतो. म्हणूनच हा ट्रे रोज साफ करताना त्यात लघवीने झालेले मातीचे ओले गोळे किती आहेत, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. कुत्र्याच्या बाबतीत कान, पायांची बोटे आणि शेपटीखालची जागा रोज चाचपून गोचीड आहेत का ते पाहावे. खाणे बंद, अंग तापलेले आणि हिरड्या फिकट असतील, तर गोचीड तापाची शंका घ्यावी.

आपल्यालाच चावा किंवा ओरखडा लागला, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. प्राण्याला लस दिलेली आहे म्हणून घरीच थांबू नये.

मालक कोणत्या दिवसांत जात आहेत, हेही पाहावे. दिवाळीतले फटाके, गणेश विसर्जनाचा डॉल्बी किंवा संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतले शोभेचे दारूकाम यांनी बिथरलेले कुत्रे उघड्या दारातून सुसाट पळते. त्या संध्याकाळी त्याला लवकर फिरवून आणावे, आतल्या खोलीत पंखा व टीव्ही चालू ठेवून बसवावे आणि गळपट्ट्यावर आपला फोन नंबर लिहिलेला असावा. दार उघडण्याआधी पट्टा अडकवायचा, हा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळावा. प्राण्याचा अलीकडचा स्पष्ट फोटो आपल्या मोबाइलमध्ये असू द्यावा.

मासे सांभाळणे त्या मानाने सोपे असते, फक्त जास्त खाणे घालू नये. रोजच्या मापाच्या छोट्या पुड्या मालकाकडूनच बांधून घ्याव्यात. टाकीत थेट नळाचे क्लोरिनयुक्त पाणी ओतू नये, आणि वीज गेल्यावर हवेचा पंप बंद पडला तर काय करायचे, हे विचारून ठेवावे. लव्हबर्ड्सचा पिंजरा स्वयंपाकघरापासून लांब ठेवावा, कारण नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफांनी पक्षी मरतात. मिठू किंवा राघू सांभाळण्याची विनंती मात्र नम्रपणे नाकारावी. देशी पोपट पाळण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये मनाई आहे.

शेवटी किल्लीचे दोन जोड घ्यावेत आणि एक घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्यावा, म्हणजे आपल्याला ताप आला तरी प्राणी उपाशी राहणार नाही. मालकाला रोज एका ठरावीक वेळी फोटो पाठवावा आणि वहीत खाणे, शी-शू व औषध यांची एकेक ओळ लिहावी. ते परतल्यावर ती वही, उरलेल्या गोळ्या आणि खर्चाच्या पावत्या त्यांच्या हाती द्याव्यात, आणि या दिवसांत काही वेगळे दिसले असेल तर ते किल्ली परत करण्यापूर्वीच सांगावे.