मांजराचे पिल्लू रंगावरून निवडू नका: या चुका टाळा

कोकणात मांजर विकत आणण्याची पाळी फार थोड्यांवर येते. वाडीतल्या कोणाच्या तरी माळ्यावर नाहीतर गवताच्या उडवीत भाटी विते, महिन्याभराने पिल्ले पडवीत धडपडू लागतात आणि ‘एखादे घेऊन जा’ असा निरोप येतो. न्यायला आलेला माणूस मात्र सर्वांत आधी रंग पाहतो, आणि पुढच्या तक्रारींचे मूळ बहुधा तिथेच असते.

तांबडा बोका लाडिक, तिरंगी भाटी तापट, काळे मांजर घुमे, या ठोकताळ्यांना भक्कम आधार नाही. तांबड्या रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे तांबड्या मांजरांत सुमारे ८० टक्के बोके असतात, तर तिरंगी मांजरे जवळजवळ सगळी माद्याच असतात. त्यामुळे रंगाच्या नावावर खपवलेल्या काही गोष्टी मुळात नर-मादीतल्या फरकाच्या असू शकतात. रंग पाहायचाच असेल तर तो प्रकृतीसाठी पाहावा. पांढरे शुभ्र अंग आणि दोन्ही डोळे निळे असलेल्या मांजरांत जन्मतः बहिरेपणाचे प्रमाण मोठे असते, आणि घर रस्त्याला लागून असेल तर ही बाब जिवावर बेतू शकते. लांब केसांच्या पर्शियन मांजराचा मोह पडत असेल, तर आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात त्या केसांच्या गुठळ्या रोज विंचरून सोडवणार कोण, हे आधी ठरवावे.

दुसरी चूक म्हणजे पिल्लाचे पहिले दोन महिने कसे गेले याची चौकशी न करणे. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लाला माणसाच्या हाताची सवय लागते. तो काळ माळ्यावरच गेला असेल, तर दिसायला कितीही गोजिरे असले तरी ते पिल्लू दीर्घकाळ बुजरे राहण्याचा संभव असतो. म्हणून भाटीला समोर बोलावून घ्यावे आणि ती परक्या माणसासमोर कशी वागते ते पाहावे. बापाचाही वाटा असतो: माणसाळलेल्या बोक्याची पिल्ले अधिक धीट निघतात, असे अभ्यासांत आढळले आहे, जरी तो बोका पिल्लांकडे ढुंकूनही पाहत नसला तरी. अर्थात वाडीतल्या मांजरांच्या बाबतीत बाप कोण हे सांगणे अवघडच, आणि एकाच वेतात दोन बोक्यांची पिल्लेही असू शकतात.

सर्वांत मोठी चूक घाईची. उभ्याने टोपलीत हात घालून पिल्लू उचलले की कोणतेही पिल्लू फिस्कारेल. त्याऐवजी जमिनीवर बसावे, गप्प राहावे आणि एक बोट पिल्लाच्या नाकाच्या उंचीवर धरावे. जे आपणहून येऊन बोट हुंगते आणि गाल घासते ते माणसाळलेले समजावे. मग थोड्या अंतरावर नारळाची करवंटी जमिनीवर पडू द्यावी. दचकतील सगळीच, पाहायचे ते एवढेच की सावरायला कोणाला किती वेळ लागतो. क्षणभर कान पाडून पुन्हा करवंटीकडे चौकशीला येणारे पिल्लू लहान मुलांच्या, पाहुण्यांच्या राबत्याच्या घरात रुळते. कोपरा धरून बसणारे पिल्लू शांत, दोन माणसांच्या घरात सुखी होऊ शकते. कोपऱ्यात निपचित बसलेल्या पिल्लाला ‘गरीब’ समजून उचलण्याआधी मात्र नाक चिकट आहे का, डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरट पडदा आला आहे का, पोट जंतांनी फुगले आहे का, हे तपासावे. एकदा पिल्ले पेंगत असताना आणि एकदा खेळात असताना, अशी दोनदा फेरी मारता आली तर उत्तम. एवढी सवड नसेल, तर ज्याचा स्वभाव आधीच उघड झाला आहे असे मोठे मांजर घेणे शहाणपणाचे, पण ते कोणी विचारातच घेत नाही.

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आणू नये. भावंडांशी मस्ती करतानाच चावा किती जोराचा असावा हे ते शिकते, आणि हा धडा राहून गेलेले पिल्लू पुढे हातापायांवर झडप घालते. तसे घडत असेल तर मारू नये, हाताने खेळणे बंद करावे आणि सुंभाच्या टोकाला चिंधी बांधून तिच्याशी खेळवावे.

रंगावर भाळून आणलेले मांजर दडूनच बसत असेल, तर त्याला सगळे घर मोकळे न देता एकच खोली द्यावी, माळ्याची वाट बंद करावी आणि ठरलेल्या वेळी खाणे ठेवून जवळ नुसते बसावे. ओढून बाहेर काढले की तोवरची सगळी कमाई बुडते. बोका घरभर मुतून खुणा करू लागला असेल, तर तो खोडीचा भाग नसून वयाचा आहे, आणि पाच-सहा महिन्यांच्या सुमारास खच्चीकरण केल्यास बहुतेक वेळा हा त्रास टळतो. एरवी शांत असलेले मांजर अचानक हात लावू देईनासे झाले, तर स्वभावाला दोष न देता दुखण्याचा संशय घ्यावा आणि त्याला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे.