बेटांमध्ये शिडाची बोट घेऊन फिरायचंय? आधी नांगर शिका

विहिरीत नाहीतर पंचगंगेच्या घाटावर, पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला कोल्हापूरकर पाण्याला सहसा भीत नाही. पण बेटाबेटांतून शिडाची बोट न्यायची म्हटलं की त्याला वाऱ्याचा घोर लागतो. बोट कलली तर? शीड फाटलं तर? हा घोर पहिल्या कोर्समध्येच बराचसा मिटतो. रात्रीची झोप खरी उडवतो तो नांगर, आणि नवखे नेमकं तेच सगळ्यात कमी शिकतात.

शिकायला आपल्याला गोवा जवळचा. तिथे राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. सुरुवात डिंगीवरच, म्हणजे एक-दोघांच्या छोट्या शिडाच्या होडीवरच करावी. डिंगीवर तयार झालेल्याला वारा गालावर कळतो, थेट मोठ्या बोटीवर गेलेला वारा दाखवणाऱ्या काट्याकडे बघत बसतो. त्यानंतर आरवायए या ब्रिटिश नौकानयन संस्थेचा ‘कॉम्पिटंट क्रू’ हा पाच दिवसांचा कोर्स आणि मग ‘डे स्किपर’. त्याच्या खाली स्वतःच्या हिमतीवर बोट भाड्याने घेऊ नये. स्किपरसह, म्हणजे बोट चालवणाऱ्या कप्तानासह घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही.

पहिली सफर थायलंडमध्ये फुकेतच्या पूर्वेला, फांग न्गा उपसागरात करावी. हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. तेव्हा वारा ईशान्येचा आणि पाणी बहुतेक शांत असतं. चाळीस फुटी बोट ताशी पाच-सहा सागरी मैल धरते, म्हणजे पंधरा मैलांचं बेट तीन तासांवर. रोज त्याहून लांबचा बेत आखू नका. तिथी पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची कोकणातली युक्ती तिथे लागू पडत नाही, तिथला भरतीचा तक्ता लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी अडीच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं.

मुक्कामाला दुपारी तीनच्या आत पोचा. ऊन वरून किंवा पाठीमागून असेल तरच पाण्याचा रंग वाचता येतो: फिकट हिरवट-निळं म्हणजे वाळू, तपकिरी ठिगळं म्हणजे प्रवाळ. प्रवाळावर नांगर टाकायचा नाही. प्रवाळ मोडतो, साखळीही अडकते. उपसागराच्या आतल्या बाजूला पाणी गढूळ असल्याने रंगाचा उपयोग नाही. तिथे खोलीमापकच बघायचा. तळ मात्र चिखलाचा असतो, नांगर छान धरतो.

साखळी किती सोडायची? समजा खोली ५ मीटर आहे, पाणी अजून अडीच मीटर चढणार आहे आणि बोटीच्या तोंडाशी असलेला, साखळी ज्यावरून सुटते तो रोलर पाण्यापासून दीड मीटर वर आहे. एकूण झाले ९ मीटर. त्याच्या पाचपट, म्हणजे ४५ मीटर साखळी. नवखा माणूस पाच पंचे पंचवीस करून मोकळा होतो. मध्यरात्री भरती आली की साखळी तिपटीलाही पुरत नाही, ओढ आडवी न राहता वरच्या दिशेने बसते आणि नांगर उपटला जातो. खोलीमापक पाण्याच्या पातळीपासून मोजतो की बोटीच्या तळापासून, हे बोट ताब्यात घेतानाच विचारा. ऐन भरतीला पोचलात तर हिशोब उलटा: ओहोटीला तळाखाली किती पाणी उरेल ते आधी बघायचं.

टाकताना बोटीचं तोंड वाऱ्याकडे करून ती पूर्ण थांबू द्यायची. नांगर तळाला टेकवायचा, मग मागे सरकत साखळी अंथरत न्यायची. एका जागी ढीग झाला तर साखळी नांगरालाच वेढे घेते. सगळी सोडून झाली की इंजिन रिव्हर्सला, आधी हळू, मग २००० आरपीएमपर्यंत, अर्धा मिनिट. तेवढ्यात किनाऱ्यावरचा माड आणि मागचा कडा एका रेषेत धरा. रेषा हलली तर नांगर घसरतोय. विंडलासपासून (साखळी ओढणाऱ्या यंत्रापासून) दूर, ताणलेल्या साखळीवर तळवा टेकवला तर घसरणाऱ्या नांगराची खडखड हाताला स्पष्ट कळते. शेवटी आठ-दहा मीटरचा नायलॉनचा दोर साखळीला अडकवून ताण त्याच्यावर घ्या. विंडलास रात्रभर ओढ सोसायला बनवलेला नसतो. पाणी स्वच्छ असेल तर मास्क लावून नांगर रुतलाय का ते बघून या. विहिरीतल्या सुरांचं चीज होतं ते इथे.

इंजिन सुरू केलं की एक्झॉस्टमधून इंजिन थंड करणारं समुद्राचं पाणी पडतंय का बघा. नसेल तर लगेच बंद. बहुतेकदा गाळणीत प्लॅस्टिक अडकलेलं असतं, नाहीतर इम्पेलर, म्हणजे ते पाणी खेचणाऱ्या पंपातलं चक्र, गेलेला असतो. रिव्हर्स घेण्याआधी मागे बांधलेल्या डिंगीचा, म्हणजे किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीचा दोर आखूड करा. बोटीच्या पाण्यातल्या पंख्यात दोर गुंतणं हा अगदी नेहमीचा अपघात आहे.

वारा १५-१८ नॉटला (ताशी सागरी मैलांना) पोचला की शीड कमी करा. क्षितिजावर काळा पट्टा आणि त्याखाली पांढरं होत चाललेलं पाणी दिसलं, तर काट्याची वाट बघायची नाही. काही मिनिटांत तीस नॉट होतात.

स्वयंपाकाला कुकर न्या. बोट डोलली तरी झाकण निघत नाही. गॅस हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या तळाशी साचतो, म्हणून चहा झाला तरी सिलिंडरचा कॉक बंद. पिण्याचं पाणी माणशी रोज चार लिटर, टाकीशिवाय वेगळं. कांदा-लसूण चटणी कितीही न्या, पण तिखट खाऊन पाणी जास्त लागतं तेही हिशोबात धरा.

डिपॉझिट भरण्याआधी बोटीचा, डिंगीचा आणि पंख्याचा व्हिडिओ काढा, आणि जादा इम्पेलर कुठे ठेवलाय ते स्वतः उघडून बघा.