ल्यूटची जुनी हस्तलिखितं बडोद्यात बसून कशी शोधायची

दांडिया बजार, रावपुरा भागातली आपली बरीच पोरं हल्ली क्लासिकल गिटार शिकतात, आणि शिकता शिकता कधीतरी जॉन डाऊलँड या चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लिश संगीतकाराचा एखादा पीस हातात येतोच. तो मुळात ल्यूटचा, म्हणजे गिटारसारख्या जुन्या युरोपियन तंतुवाद्याचा. मग प्रश्न पडतो की हे मूळ लिहिलं कसं होतं, आपल्या झेरॉक्समध्ये आहे ते त्याचंच की नंतर कोणी गिटारसाठी बदललंय. हे बघायचं तर हस्तलिखितापर्यंत जावं लागतं, आणि बऱ्याच हस्तलिखितांपर्यंत घरबसल्या, एक पैसा न भरता जाता येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक पक्कं करून घ्या. कॅटलॉग सांगतो वही कुठल्या लायब्ररीत कुठल्या नंबरावर आहे, आणि इंडेक्स सांगतो त्या वहीत काय काय आहे. लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये कित्येकदा "ल्यूटचं संगीत, टॅब्लेचर" (म्हणजे तार आणि पडदा दाखवणाऱ्या खुणांची लिपी) एवढंच असतं आणि आत ढीगभर पीस, त्यामुळे सर्च बॉक्समध्ये पीसचं नाव टाकलं आणि काही आलं नाही तर "नाहीये वाटतं" म्हणून सोडून देऊ नका. शोधायचा तो शेल्फमार्क, म्हणजे त्या वहीचा लायब्ररीतला नंबर. तो एकदा हाती लागला की अर्धं काम झालं.

उदाहरण म्हणून डाऊलँडचा लॅक्रिमे हा पीस घ्या. डायना पोल्टन आणि बेसिल लॅम यांनी १९७४ मध्ये त्याचं सगळं ल्यूट संगीत एकत्र छापलं, त्यात प्रत्येक पीसला नंबर आहे, लॅक्रिमे १५ नंबरला. लोक त्यातलं म्युझिक घेतात आणि मागची बारीक टाइपातली पानं सोडून देतात, पण खरा माल तिथेच आहे, कारण कुठला पीस कुठल्या हस्तलिखितात कुठल्या पानावर हे तिथे दिलेलं असतं. पानाच्या नंबरापुढे आर किंवा व्ही दिसेल, आर म्हणजे पानाची पुढची बाजू, व्ही म्हणजे मागची. तिथून केंब्रिज युनिव्हर्सिटी लायब्ररीचा डीडी.२.११ हा शेल्फमार्क मिळतो, तो केंब्रिजच्या डिजिटल लायब्ररीत टाकायचा की अख्खी वही स्क्रीनवर. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्ये असलेल्या मॅथ्यू होम्सने सोळाव्या शतकाच्या शेवटी शेवटी लिहिलेली, इंग्लिश ल्यूटच्या सगळ्यात मोठ्या वह्यांपैकी एक.

पान उघडलं की घाबरू नका. सहा रेघा, त्यावर अक्षरं आणि वर तालासाठी शेपट्या असलेल्या दांड्या. ए म्हणजे मोकळी तार, बी म्हणजे पहिला पडदा, सी म्हणजे दुसरा, आणि हे सी बऱ्याचदा आरसारखं काढलेलं असतं, तिथे नवीन माणूस हमखास अडकतो. ही फ्रेंच पद्धत, यात वरची रेघ म्हणजे सगळ्यात उंच सुराची तार. इटालियन पद्धतीत अक्षरांऐवजी आकडे, आणि बहुतेक ठिकाणी रेघा बरोबर उलट्या, उंच तार खाली. जर्मन पद्धतीत रेघाच नाहीत, तार आणि पडदा यांच्या प्रत्येक जोडीला वेगळी खूण. कॅटलॉगमध्ये कुठली पद्धत ते लिहिलेलं असतं, ते आधी वाचा, नाहीतर डाउनलोड करून डोकं धरून बसाल.

पीस माहीत नाही, नुसतं "पोलंडमध्ये काय काय आहे" असं बघायचं असेल तर रिझम. ही १९५२ मध्ये सुरू झालेली संगीताच्या मूळ साधनांची आंतरराष्ट्रीय नोंदणी, तिचा ऑनलाइन कॅटलॉग सगळ्यांना फुकट आहे. तिथे लायब्ररीचे कोड शिकून घ्या, जीबी-सीयू म्हणजे केंब्रिज, जीबी-एलबीएल म्हणजे ब्रिटिश लायब्ररी, पीएल-केजे म्हणजे पोलंडमधल्या क्राकोची यागेलोनियन लायब्ररी. ल्यूट-गिटारच्या हस्तलिखितांसाठी रिझमचाच वेगळा खंड आहे, वोल्फगांग बोटिखरचा, १९७८ चा, जर्मनमध्ये. त्यात चुका बऱ्याच आहेत म्हणून तो सुरुवातीपुरता वापरा आणि मग क्रिस्टियान मेयरच्या कॅटलॉगशी ताडून बघा, हा फ्रेंचमध्ये, १९९१ पासून देशवार खंड निघाले, आणि माझ्या मते जास्त भरवशाचा. भाषेची भीती नको, नोंदी म्हणजे नावं आणि आकडेच, दहा-बारा शब्द कळले की भागतं. हस्तलिखितातला पीस छापील पुस्तकातून उतरवलाय का हे बघायला हॉवर्ड मेयर ब्राऊनची १९६५ ची सूची, १६०० पूर्वी छापलेल्या वाद्यसंगीताची, वर्षावार लावलेली.

एक अडचण नेहमी येते. जुन्या पुस्तकात लिहिलेलं असतं "बर्लिन, ४००३२" आणि बर्लिनमध्ये तर ते नाही. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनची हस्तलिखितं बाहेर हलवली होती, त्यातली बरीच आज क्राकोला आहेत, नंबर तोच, म्हणून चाळीस हजारांतला नंबर दिसला की क्राको बघायचं. आणि चित्रं मिळाली की लगेच सेव्ह करा, शेल्फमार्क फाइलच्या नावातच टाकून. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथली डिजिटल हस्तलिखितं एका झटक्यात बंद पडली, जेन पिकरिंगची १६१६ ची ल्यूटची वहीही तिथलीच, शेल्फमार्क एगर्टन २०४६.

कॅटलॉगमधलं वर्णन पूर्ण वाचा, नुसतं शीर्षक नाही. शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीत कापिरोला या इटालियन ल्यूटवादकाची वही आहे, साधारण १५१७ च्या आसपासची, पानोपानी पशुपक्षी आणि झाडं रंगवलेली. ती लिहिणाऱ्या विदालने सुरुवातीलाच सांगितलंय की चित्रं यासाठी काढली की संगीत न कळणाऱ्याच्या हाती वही पडली तरी त्याने ती चित्रांसाठी सांभाळावी. केवढा विचार केलाय! आणि त्याच सुरुवातीच्या पानांत ल्यूट वाजवायच्या आणि पडदे बांधायच्या सूचना आहेत, ज्या पीसांच्या यादीत कुठेच दिसणार नाहीत.

ऑनलाइन नसेल तर सरळ ईमेल करा. कोड, शेल्फमार्क, पान आणि कशासाठी हवंय, चार ओळी बास.

आणि वीणा, सितारवाल्यांनो, हे तुमच्याही कामाचं आहे. सोमनाथाच्या रागविबोध या १६०९ च्या संगीतग्रंथात वीणावादनाच्या खुणांसकट राग लिहिलेत. अशा ग्रंथांच्या पोथ्या कुठे कुठे आहेत ते बघायला मद्रास विद्यापीठाचं न्यू कॅटलॉगस कॅटलॉगोरम उघडा, ग्रंथाच्या नावाखाली लायब्ररी आणि पोथीचे नंबर दिलेले असतात, ते उतरवून घ्या आणि आपल्या प्राच्यविद्या मंदिरात जाऊन त्यांच्या छापील याद्या मागा.