मुंबईच्या आकाशासाठी कमी विशालनाचे आयपीस: बेताच्या खर्चात निवड कशी करावी

दुर्बीण घेतल्यावर पुढची खरेदी म्हणून बहुतेक जण जास्त विशालन देणारे आयपीस (दुर्बिणीचे डोळा लावायचे, बदलता येणारे भिंग) शोधतात. प्रत्यक्षात दर रात्री दुर्बिणीला सर्वांत आधी लागते आणि बराच वेळ लावलेले राहते ते कमी विशालनाचे आयपीस. हवी ती वस्तू याच आयपीसने शोधावी लागते, आणि कृत्तिका, पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ किंवा वृश्चिकाच्या नांगीजवळचे विस्तीर्ण गुच्छ अखंड दिसतात तेही यातूनच. दुर्बिणीच्या खोक्यात साधारणपणे २० किंवा २५ मिमीचे एक आयपीस मिळते. काही परावर्ती (आरशाच्या) दुर्बिणींसोबत प्रतिमा सुलटी करून दाखवणारे २० मिमीचे आयपीस दिलेले असते. त्याचे दृश्यक्षेत्र, म्हणजे एका वेळी दिसणारा आकाशाचा भाग, फारच अरुंद असते, त्यामुळे आपल्याकडे ते असेल तर सर्वांत आधी तेच बदलावे.

येथे तीन-चार हजार रुपयांची मर्यादा गृहीत धरली आहे. एवढ्या पैशांत एकच आयपीस घ्यायचे असते, म्हणून खरेदीपूर्वी वहीवर थोडे गणित मांडणे गरजेचे आहे.

दुर्बिणीच्या नाभीय अंतराला (भिंगापासून किंवा आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतच्या अंतराला) आयपीसच्या नाभीय अंतराने भागले की विशालन मिळते. ६५० मिमीच्या दुर्बिणीला ३२ मिमीचे आयपीस लावले तर विशालन सुमारे २० पट होईल आणि २५ मिमीचे लावले तर २६ पट. हे गणित सर्वांना माहीत असते. त्याहून महत्त्वाचा, पण बहुतेकांकडून दुर्लक्षिला जाणारा आकडा म्हणजे एक्झिट प्युपिल, अर्थात आयपीसमधून बाहेर पडून डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास. आयपीसच्या नाभीय अंतराला दुर्बिणीच्या एफ-गुणोत्तराने (दुर्बिणीचे नाभीय अंतर भागिले तिचा व्यास) भागले की तो मिळतो. एफ/५ च्या दुर्बिणीत ३२ मिमीचे आयपीस ६.४ मिमीची शलाका देते, तर एफ/१० च्या दुर्बिणीत तेच आयपीस ३.२ मिमीची देते. ही शलाका डोळ्यांनी पाहताही येते. दिवसा दुर्बीण मोकळ्या, उजळ आकाशाकडे रोखावी (सूर्याच्या दिशेला मुळीच नको) आणि आयपीसपासून हातभर मागे सरून त्याच्याकडे पाहावे. भिंगाच्या जरासा बाहेर तरंगणारा एक लहान, प्रकाशमान गोल दिसतो. त्याच्यासमोर पट्टी धरली तर त्याचा व्यास मोजता येतो. परावर्ती दुर्बीण असल्यास त्या गोलाच्या मधोमध दुय्यम आरशाचा काळा ठिपकाही दिसतो.

मुंबईकराने सर्वाधिक विचार या आकड्याचा करावा. गडद अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिमीपर्यंत उघडते आणि वय वाढते तशी ती कमी उघडते. शलाका बाहुलीपेक्षा रुंद झाली तर तिचा कडेचा भाग डोळ्याच्या आत पोचतच नाही, म्हणजे दुर्बिणीचा तेवढा व्यास वाया जातो. दुसरा तोटा शहरात अधिक जाणवतो. शलाका जितकी रुंद, तितके आकाशाचे पार्श्वपटल उजळ दिसते. दादर, अंधेरी किंवा ठाण्याच्या गच्चीवर मुळातच आकाश करडे असते. ते ६ मिमीच्या शलाकेतून दुधाळ दिसते आणि त्यात मंद तारे बुडून जातात. विशालन थोडे वाढवून शलाका ३ ते ४ मिमीवर आणली की पार्श्वपटल काळवंडते, तारे मात्र बिंदूच राहत असल्याने त्यांचे तेज फारसे कमी होत नाही आणि तारकागुच्छ उठून दिसतात. तेजोमेघ आणि दीर्घिका यांच्याबाबत एवढा लाभ होत नाही, कारण पसरट प्रकाश पार्श्वपटलाइतकाच मंदावतो. देवयानी दीर्घिकेच्या कडा शहरातून कोणत्याही आयपीसने दिसणार नाहीत.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, वर्षातले बहुतेक निरीक्षण सोसायटीच्या गच्चीवरून होणार असेल तर ४ मिमीच्या आसपास शलाका देणारे आयपीस घ्यावे, आणि महिन्यातून एखाद्या अमावास्येला वांगणी किंवा मुरबाडच्या बाजूला जाणे होत असेल तरच ५ ते ६ मिमीपर्यंत जावे. त्यातही शहराबाहेर पडून मुंबईच्या दिशेला, म्हणजे पश्चिमेकडे पाहिले तर क्षितिजाजवळ शहराची आभा असतेच, हे लक्षात ठेवावे.

आता दृश्यक्षेत्राकडे वळू. प्रचलित सव्वा इंची आयपीसच्या नळीत फील्ड स्टॉप, म्हणजे दृश्याची कड ठरवणारे आतले कडे, जास्तीत जास्त सुमारे २७ मिमी व्यासाचे बसते. यावरून एक सोपा नियम निघतो: १५५० ला दुर्बिणीच्या मिलिमीटरमधल्या नाभीय अंतराने भागले की सव्वा इंची आयपीसमधून मिळू शकणारे सर्वाधिक दृश्यक्षेत्र अंशांत मिळते. ६५० मिमीच्या दुर्बिणीत ते सुमारे २.४ अंश, ९०० मिमीच्या दुर्बिणीत १.७ अंश, १२०० मिमीच्या डॉब्सोनियनमध्ये (साध्या फिरत्या बैठकीवरच्या परावर्ती दुर्बिणीत) १.३ अंश आणि १५०० मिमीच्या माक्सुतोव्हमध्ये (भिंग व आरसा दोन्ही असलेल्या आखूड दुर्बिणीत) जेमतेम १ अंश असते. चंद्राचा व्यास अर्धा अंश आहे आणि कृत्तिकेचे ठळक तारे एक अंशाहून थोड्या अधिक जागेत पसरलेले आहेत, यावरून अंदाज बांधता येईल.

ही मर्यादा ३२ मिमीचे साधे, प्लॉसल नावाच्या रचनेचे आयपीस जवळपास पूर्ण गाठते. त्यामुळे ४० मिमीचे प्लॉसल घेण्यात अर्थ नाही: त्यातून आकाश तेवढेच दिसते, फक्त दृश्याचा गोल अधिक लहान होतो आणि पार्श्वपटल अधिक उजळ दिसते. ८ ते २४ मिमीचे झूम आयपीसही या कामासाठी टाळावे, कारण २४ मिमीवर त्याचे दृश्य सर्वांत अरुंद, सुमारे ४० अंशांचे असते (हे अंश आकाशाचे नव्हेत, आयपीसमध्ये दिसणाऱ्या गोलाच्या रुंदीचे). ६८ अंशांचे २४ मिमी आयपीस मात्र ३२ मिमीच्या प्लॉसलइतकेच आकाश अधिक विशालनाने आणि गडद पार्श्वपटलावर दाखवते, म्हणून शहरासाठी ते उत्तम. परंतु चांगल्या प्रतीचे घ्यायचे तर बेताच्या खर्चात बसत नाही. त्या रचनेची स्वस्त आयपीस एफ/५ सारख्या वेगवान, म्हणजे कमी एफ-गुणोत्तराच्या दुर्बिणीत कडेचे तारे पंख फुटल्यासारखे दाखवतात, एफ/८ च्या पुढे तीच बऱ्यापैकी चालतात. प्लॉसलमध्ये दोन जोडभिंगे, म्हणजे एकूण चार भिंगे असतात आणि कमी किमतीतही ते भरवशाचे निघते.

तेव्हा ७० मिमी एफ/१० ची अपवर्ती (भिंगाची) दुर्बीण, ११४/९०० ची (व्यास ११४, नाभीय अंतर ९०० मिमी) परावर्ती दुर्बीण किंवा कोणतीही माक्सुतोव्ह असल्यास ३२ मिमीचे प्लॉसल डोळे झाकून घ्यावे. १३० मिमी एफ/५ ची दुर्बीण असल्यास गच्चीसाठी २० ते २५ मिमीचे प्लॉसल योग्य. २५ मिमीनेही १.९ अंशांच्या आसपास आकाश दिसते. ८ इंची एफ/६ डॉब्सोनियनवर दोन्ही चालतात. मी २५ मिमीचे निवडेन. दोन इंची आयपीसचा मोह या खर्चात सोडावा.

चष्मा असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. केवळ जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस जुळवता येतो. परंतु सिलिंडरचा नंबर असेल तर कमी विशालनाला, म्हणजे रुंद शलाकेत, त्याचा दोष अधिक दिसतो आणि चष्मा लावूनच पाहावे लागते. त्यासाठी भिंगापासून डोळ्यापर्यंत २० मिमीच्या आसपास अंतर मिळायला हवे. ३२ मिमीच्या प्लॉसलमध्ये ते मिळते, २५ मिमीत थोडी अडचण होते.

विकत घेण्यापूर्वी आपल्या फोकसरच्या, म्हणजे आयपीस बसवून फोकस जुळवतो त्या भागाच्या नळीचा व्यास मोजावा. काही जुन्या दुर्बिणींची नळी २४.५ मिमीची असते आणि तिच्यात सव्वा इंची आयपीस बसत नाही. आयपीस हातात आल्यावर ते नुसतेच उजेडाकडे धरून पाहावे: दृश्याची कड सुरीने कापल्यासारखी रेखीव दिसली पाहिजे. जुने आयपीस घेत असाल तर एका बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका पाडून दुसऱ्या बाजूने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी होय, आणि ते आयपीस कितीही स्वस्त मिळत असले तरी घेऊ नये. परदेशातून मागवल्यास आयातशुल्क आणि टपालखर्च धरूनच किमतीची तुलना करावी. शक्य असेल तर खगोल मंडळासारख्या संस्थेच्या आकाशदर्शन कार्यक्रमाला जाऊन दुसऱ्याच्या दुर्बिणीवर ते आयपीस आधी लावून पाहावे.

आयपीसमधून आकाशाचे प्रत्यक्ष किती दृश्यक्षेत्र मिळते, हे घरीच तपासता येते. मृगाच्या पोटात शिरलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी उगवताना सर्वांत वर असणारा तारा जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर आहे. तो दृश्याच्या एका कडेला आणून दुर्बीण स्थिर ठेवावी आणि मध्यातून सरकत दुसऱ्या कडेला पोचायला लागणारा वेळ मोजावा. दर मिनिटाला १५ कला (६० कला म्हणजे एक अंश) या हिशेबाने, ४ मिनिटे लागली तर दृश्यक्षेत्र एक अंशाचे.

जून ते सप्टेंबर या काळात मुंबईच्या दमट हवेत आयपीस उघडे ठेवू नये. दोन्ही बाजूंची टोपणे लावून ते सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि पुड्या ओलसर झाल्या की बदलाव्यात. मूळ चामड्याची किंवा कापडी पिशवी ओल धरून ठेवते, म्हणून पावसाळ्यात ती वापरू नये.