ब्लीचने बिघडलेले केस: आधी ताणून बघा, मग मास्क लावा

ब्लीचमुळे बिघडलेला केस पहिल्यासारखा होत नाही. डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो, त्याची झीज आतून भरून येत नाही. "सात दिवसांत केस दुरुस्त" असं कुणी सांगत असेल तर तिथेच थांबा. हातात असलेला केस तुटू न देणं, तो मऊ आणि चमकदार ठेवणं आणि नवा केस वाढेपर्यंत त्याला सांभाळणं, एवढं आपण करू शकतो. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो. म्हणजे खांद्यापर्यंतच्या केसांसाठी दोन-तीन वर्षांची तयारी ठेवा.

सुरुवात कात्रीने करा. दुभंगलेलं टोक कुठल्याही तेलाने जुळत नाही आणि चीर वर चढत जाते.

शाम्पू सौम्य, फक्त टाळूला. टोकांना वाहून जाणारा फेस पुरतो. धुण्याआधी तासभर केसांना खोबरेल तेल लावा. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. मिनरल ऑइल आत शिरत नाही, वरच राहतं.

आता खरी अवघड पायरी. मी इथेच फसले होते.

ब्लीचमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड केसातलं रंगद्रव्य नष्ट करतं. ते करताना केराटिनला, म्हणजे केस ज्या प्रथिनाचा बनलेला असतो त्याला, घट्ट धरून ठेवणारे गंधकाचे बंधही तोडतं आणि केसाच्या बाहेरच्या बारीक खवल्यांवरचा स्निग्ध थर काढून टाकतं. म्हणजे नुकसान दुहेरी असतं: आतला कणा कमकुवत होतो आणि वरचं आवरण खरखरीत. कण्याला प्रथिनं लागतात, आवरणाला कंडिशनर. कोणतं किती द्यायचं हे केसालाच विचारावं लागतं.

ओला झालेला एकच केस दोन्ही हातांत धरून हळूच ताणा. थोडा लांबून परत मूळ जागी आला, तर ठीक आहे. रबरासारखा लांबतच गेला आणि परत आला नाही, तर प्रथिनं कमी पडताहेत. अजिबात न ताणता तटकन तुटला, तर प्रथिनं पुरे झाली, आता मऊपणा हवा. डोक्याच्या तीन-चार जागांचे केस तपासा, कारण ब्लीच सगळीकडे सारखं बसत नाही.

मी ही तपासणी न करता प्रत्येक धुण्याला केराटिनचा मास्क लावत होते. पहिल्या दोन वेळा केसांत जीव आल्यासारखं वाटलं, म्हणून हात सैल सोडला. महिन्याभरात केस काड्यांसारखे ताठ झाले, कंगव्यात तुकडे यायला लागले. मला वाटलं नुकसान वाढतंय, म्हणून मास्क आणखी वेळ ठेवला. ती सगळ्यात मोठी चूक. शेवटी प्रथिनं पूर्ण बंद केली, तीन आठवडे फक्त साधं कंडिशनर लावलं, तेव्हा केस पुन्हा वाकायला लागले. म्हणून कळकळीने सांगते: केस रबरासारखा ताणला जात असेल तरच प्रथिनांचा मास्क, तोही दोन-तीन आठवड्यांतून एकदा, पाकिटावर लिहिलाय तेवढाच वेळ. ताठपणा जाणवला की त्याच दिवशी थांबवा.

लेबलवर 'हायड्रोलाइज्ड' हा शब्द शोधा. त्यात प्रथिनांचे तुकडे लहान केलेले असतात. डोक्यावर अंडं फोडायचा सल्ला मला अजिबात पटत नाही. अंड्यातल्या प्रथिनांचे रेणू इतके मोठे असतात की ते केसात शिरत नाहीत, आणि पाणी जास्त गरम असेल तर अंडं केसांतच शिजून चिकटतं. लिंबूही नको. त्याच्या रसाने उन्हात केसांचा रंग आणखी उडतो.

कंडिशनर मात्र प्रत्येक धुण्याला, न चुकता. ब्लीचने केसाच्या पृष्ठभागावर ऋण भार वाढतो. कंडिशनरमधले धन भाराचे घटक नेमके तिथेच जाऊन बसतात. खवले सपाट झाले की प्रकाश नीट परावर्तित होतो, आणि चमक म्हणजे तेवढंच.

कंडिशनर केसांत असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने गुंता सोडवा, टोकांकडून वर. ओला ब्लीच केलेला केस सगळ्यात लवकर तुटतो, म्हणून टॉवेलने घासू नका, नुसता दाबून पाणी टिपा.

इस्त्री शक्यतो नाहीच. करायचीच असेल तर केस पूर्ण कोरडे हवेत. ओल्या केसावर तापलेली पट्टी ठेवली की आतलं पाणी वाफ होऊन केसात बुडबुडे पडतात आणि केस तिथेच मोडतो.

चांगली निगा राखूनही केस निस्तेज आणि जडसर वाटत असतील तर पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं, आहे का बघा. सच्छिद्र केस त्यातले क्षार धरून ठेवतो. महिन्यातून एकदा ईडीटीए (क्षार पकडून धुऊन काढणारा घटक) असलेला शाम्पू वापरा आणि त्यानंतर भरपूर कंडिशनर लावा.

पुन्हा ब्लीच करायचं ठरलंच, तर ते फक्त मुळाशी वाढलेल्या नव्या केसालाच लावायचं. आधी ब्लीच झालेल्या भागावर ते पुन्हा चढू देऊ नका. लावणाऱ्याला हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगा.